उशा नव्या, ओल जुनी

पुण्यात जुना फ्लॅट विकायला काढला की पहिला फोन एजंटला जातो आणि दुसरा न्यू जर्सीला. एजंट म्हणतो, "काका, जरा आवरून ठेवा, रविवारी पार्टी आणतो." न्यू जर्सी म्हणते, "बाबा, नुसतं आवरून काय होतंय? होम स्टेजिंग करा. आम्ही इथलं घर विकताना सोफासुद्धा भाड्याने आणला होता." मग कोथरूडच्या दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये, काका-काकू विचारात पडतात. सत्तावीस वर्षं ज्या दिवाणावर बसलो तो आता पाहुण्यांसमोर ठेवण्याजोगा नाही म्हणे!

हे खूळ अमेरिकेतलं. 1972 च्या सुमारास तिथल्या वॉशिंग्टन राज्यात बार्ब श्वार्त्झ नावाच्या बाईंनी या धंद्याचा पाया घातला, असं मानतात. नियम तेव्हापासून साधारण तेच. घरच्यांचे फोटो उतरवा, भिंतींना फिका रंग द्या, निम्मं फर्निचर हलवा आणि गिऱ्हाईक यायच्या वेळी ओव्हनमध्ये काहीतरी गोड भाजत ठेवा. थोडक्यात, घरात कुणीच राहत नाही असं वाटलं पाहिजे, पण न राहणारा माणूस भलताच टापटिपीचा आहे असंही वाटलं पाहिजे.

आता हे नियम कोथरूडला लावून बघू. फोटो उतरवायचे म्हणजे हार घातलेले आजोबा आधी उतरवायचे. ते कपाटात ठेवायला काकांचा जीव होत नाही, आणि ते भिंतीवरून बघत असताना पार्टीचा बेडरूममध्ये जायला जीव होत नाही. ओव्हनमध्ये केक भाजायचा तर आधी ओव्हनमधले तवे, झारे आणि मागच्या उन्हाळ्यातला पापडांचा डबा कुठे ठेवायचा ते ठरवावं लागेल. वासाचं म्हणाल तर एजंटने आधीच बजावलंय, "दोन दिवस मासळी नको, पार्टी व्हेज असली तर?" काकू सुकटीची बरणी शेजारी देऊन येतात. रविवारी पार्टी येते ती नेमकी मालवणची. उदबत्तीच्या धुरात उभी राहून विचारते, "सोसायटी नॉनव्हेजला अलाव करते ना?"

देवघर मात्र हलवायचं नाही. ते ईशान्येला असलं तर एजंट तिथूनच घर दाखवायला सुरुवात करतो. ईशान्येला नसलं, तर त्या दिवसापुरती ईशान्य हलवतो.

खरं तर स्टेजिंग आपल्याला नवं नाही. आपले बिल्डर ते कितीतरी वर्षं करत आलेत. त्याला सॅम्पल फ्लॅट म्हणतात. तिथला पलंग नेहमीच्या मापापेक्षा आखूड असतो. बेडरूमला दार नसतं, म्हणजे ते उघडल्यावर पलंगाला आपटतं हे कळायचा प्रश्नच मिटला. एका भिंतीला आरसा, कपाट जेमतेम वीतभर खोल, आणि एसी असा सोडलेला की मे महिन्यात माणूस तिथेच राहायला तयार व्हावा. डायनिंग टेबलावर चार प्लेटा, चार ग्लास, पण पाचवी खुर्ची ठेवायला जागा कुठे हे विचारायचं भान कुणाला? ताबा मिळाल्यावर आपला साडेसहा फुटी पलंग आत जात नाही, तेव्हा ते भान येतं.

निदान त्यावर कायदा तरी झाला. 2016 च्या रेरा कायद्याचं 12 वं कलम सांगतं की, जाहिरातीतल्या किंवा नमुना फ्लॅटमधल्या खोट्या गोष्टीवर विसंबून कुणी पैसे भरले आणि त्याचं नुकसान झालं, तर बिल्डरला भरपाई द्यावी लागते. पण हे झालं बिल्डरचं. काकांनी नवी उशी ठेवली म्हणून रेरा काही कोथरूडला येत नाही.

म्हणून काकांना रान मोकळं आहे असं मात्र नाही. त्यांच्यासाठी इंग्रजांनीच सोय करून ठेवली आहे. 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा, कलम 55. विकणाऱ्याला माहीत असलेला पण घेणाऱ्याला साध्या तपासणीत न सापडणारा मोठा दोष विकणाऱ्याने स्वतःहून सांगितला पाहिजे, असं ते म्हणतं. सांगितला नाही तर कायदा त्याला फसवणूक म्हणतो. काका त्याला 'फ्रेश पेंट' म्हणतात.

कारण स्टेजिंगचा विषय निघाला की आपल्याकडे सगळ्यात आधी बोलावणं जातं ते पेंटरला. बेडरूमच्या कोपऱ्यात, छताला लागून ओलीचा डाग असतो. कडेने तपकिरी, मध्ये फिकट. बोटाने दाबलं की पुट्टीचा पापुद्रा सुटतो आणि खाली पांढरा लोणा धरलेला दिसतो. वरच्यांच्या मोरीतून पाणी झिरपतंय हे काकांना ठाऊक आहे, वरच्यांना ठाऊक आहे, सोसायटीच्या सेक्रेटरींनाही ठाऊक आहे. आदर्श उपविधींप्रमाणे संडास-मोरीची गळती सभासदाने आपल्या खर्चाने काढायची आणि गच्चीची सोसायटीने. तरी पाच वर्षं पत्रव्यवहारच चालू आहे. पेंटर मात्र एका दिवसात निकाल लावतो. खरवडतो, पुट्टी भरतो, वर ऑफव्हाइटचे दोन हात मारतो. खाली एक उंच कुंडी ठेवली की डोळा वर जातच नाही. हा सगळा कार्यक्रम एप्रिल-मेमध्ये उरकायचा असतो. जूनमध्ये मूळ कलाकार पुन्हा रंगमंचावर येतो.

पण काका, पार्टी म्हणजे कोण येतं ते एकदा नीट बघून घ्या. अमेरिकेत म्हणे नवरा-बायको येतात, खिडकीशी उभं राहून इथे आपण सकाळी कॉफी पिऊ असं स्वप्न बघतात. आपल्याकडे सहा जण येतात. नवरा-बायको, दोघांच्या आया, एक मूल आणि 'बांधकामातलं कळणारा' एक मामा. स्वप्न बघायचं खातं नवरा-बायकोकडे असतं, पण घर बघायचं खातं उरलेल्यांकडे. नवऱ्याची आई सरळ स्वयंपाकघरात जाते आणि नळ सोडते. धार बघते. तोच हात न पुसता सिंकखालचं दार उघडते आणि वाकून आत वास घेते. बायकोची आई संडासात जाऊन फ्लश ओढते आणि टाकी परत भरायला किती वेळ लागतो ते तिथेच उभी राहून मोजते. मामा बाथरूमच्या टाइल्सवर बोटाच्या पेराने टकटक करत एकेक टाइल ऐकतो. चौथ्या ओळीतली तिसरी टाइल पोकळ वाजली की मान हलवतो. सगळे थबकतात. मग मामा बेडरूममधली ती उंच कुंडी बाजूला सरकवतो. त्याला तिथे कुंडी का आहे हे कळलेलं असतं. त्यानेही घर विकलंय.

एवढं करून पार्टी खाली उतरते आणि वॉचमनला विचारते, "पाणी कसं आहे? टँकर लागतो का?" वॉचमनला स्टेज करायची सोय अजून तरी निघालेली नाही. तो पाणी, पार्किंग, वरच्यांची भांडणं आणि रात्री बारानंतर येणारा कुत्र्यांचा आवाज, सगळं पाच मिनिटांत सांगून टाकतो. भाड्याचा सोफा, ऑफव्हाइट, आणि काकूंनी पहाटे उठून भांड्यात तरंगत ठेवलेली मोगऱ्याची फुलं, सगळं गेटवरच वाहून जातं.

अमेरिकेतही याचा हिशेब कुणी मांडला नाही असं नाही. लेन, सायलर आणि सायलर या तिघांचा एक अभ्यास 2015 साली 'जर्नल ऑफ हाउसिंग रिसर्च'मध्ये आला. त्यांनी आठशेवर घरखरेदीदारांना एकाच घराची चित्रफेरी घडवली. कुणाला भिंती साध्या रंगाच्या दाखवल्या, कुणाला भडक. कुठे फर्निचर देखणं, कुठे बेंगरूळ, कुठे घर रिकामं. सजवलेलं घर लोकांना राहायला जास्त छान वाटलं. द्यायच्या किमतीत मात्र त्याने लक्षात घेण्याजोगा फरक पडला नाही. म्हणजे "किती सुंदर ठेवलंय हो घर!" हे ऐकायचं असेल तर खर्च जरूर करा. ते वाक्य आपल्याकडे चहासोबत फुकटही मिळतं, आणि त्यानंतर पार्टी पुन्हा फोन करत नाही.

कारण पार्टीचं गणित वेगळीकडे अडलेलं असतं. काका 90 लाख सांगतायत. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने 30 ते 75 लाखांचं कर्ज घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त 80 टक्के मिळतं, म्हणजे 72 लाख. उरलेले 18 लाख खिशातून. पुण्यात मुद्रांक शुल्क 7 टक्के, ते झाले 6 लाख 30 हजार. घर बायकोच्या एकटीच्या नावावर घेतलं तर एक टक्का सूट, म्हणून हल्ली स्त्री-सक्षमीकरणाची सुरुवात दुय्यम निबंधक कार्यालयातून होते. नोंदणीचे 30 हजार. एजंटचे टक्के वेगळे. साधारण पंचवीस लाख रोख जमवताना ज्याने आईच्या पाटल्या आणि पीएफ दोन्ही मोजलेत, तो तुमच्या उशीचा रंग कशाला बघेल?

त्यात बँक आपला व्हॅल्युअर पाठवते. हा प्राणी टेप घेऊन येतो. कार्पेट मोजतो, बिल्डिंगचं वय विचारतो, मंजूर नकाशा बघतो आणि बाल्कनी आत घेऊन काढलेल्या खोलीपाशी उभा राहून काहीतरी लिहितो. मोगऱ्याच्या भांड्याकडे ढुंकूनही बघत नाही. त्याने किंमत 82 लाख लावली तर बँक कर्जही 82 वरच धरते, म्हणजे 65 लाख 60 हजार. वरचे 6 लाख 40 हजार आता पार्टीने कुठून आणायचे? इथे व्यवहार फिसकटतो, आणि काका सांगत फिरतात, "लोकांना चांगल्या घराची कदरच नाही."

शिवाय सरकारलाही स्टेजिंगचं कौतुक नाही. भांडवली नफ्याच्या हिशेबात दलाली विक्रीच्या खर्चात धरता येते. भाड्याचा सोफा आणि मोगरा कशात बसतो ते सीएला विचारून बघा. तो चष्म्यावरून बघेल, बोलणार काहीच नाही.

मग घर सजवायचं की नाही? स्वच्छ करा, त्याला कुणाची हरकत नाही. माळ्यावरचे टीव्हीचे खोके, बंद पडलेला मिक्सर, 'कधीतरी लागेल' म्हणून ठेवलेल्या बरण्या काढा. खोली खरोखर मोठी दिसते, आणि शिफ्टिंगच्या वेळी नाहीतरी हे करावंच लागणार. मंद बल्ब बदला. गळका नळ दुरुस्त करा. रिकामं घर दाखवायची वेळ आलीच तर एक पलंग आणि दोन खुर्च्या राहू द्या, म्हणजे माणसाला मापाचा अंदाज येतो. हे सगळं दोन-चार हजारांत होतं. त्यापेक्षा जास्त हात सैल सोडायचा असेल तर वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलवा, इंटिरियरवाल्याला नको. आणि कुंडी बाजूला सरकवून कोपरा स्वतःच दाखवा, "इथे ओल होती, हे बिल" असं सांगून. मामाचं अर्धं भांडवल तिथेच संपतं.

खरं देखणं काही मांडायचं असेल तर टेबलावर एक फाइल मांडा. मूळ करारनामा, इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्र, मेंटेनन्स भरल्याच्या पावत्या, कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र आणि जमीन सोसायटीच्या नावावर झाल्याचं कन्व्हेयन्स. एवढी कागदपत्रं एका जागी बघून भल्याभल्या पार्ट्यांचा आवाज मऊ होतो. पण कन्व्हेयन्स गेली वीस वर्षं 'प्रोसेसमध्ये' आहे, शेअर सर्टिफिकेट काकूंच्या जुन्या बॅगेत आहे आणि बॅग माळ्यावर आहे. सोफा भाड्याने आणणं यापेक्षा सोपंच!

स्टेजिंगचं सगळं आकर्षण इथे आहे. उशी बदलायला स्वतःशी भांडावं लागत नाही. आकडा बदलायला लागतं. काकांचा 90 चा आकडा आला कुठून? गल्लीच्या टोकाचा फ्लॅट 'नव्वदला गेला म्हणे' यातून. त्या फ्लॅटला लिफ्ट होती, पार्किंग होतं, हे त्या 'म्हणे'मध्ये बसत नाही. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर त्या व्यवहाराचा इंडेक्स टू शोधता येतो, खरा आकडा घरबसल्या दिसतो. तरी कुणी शोधत नाही, कारण तो सापडला तर आपला आकडा खाली आणावा लागेल. तेव्हा काका, सोफ्याचं भाडं वाचवा, आधी तो इंडेक्स टू बघा आणि 90 चे 82 करा. घरात बसायला काहीच नसलं तरी पार्टी ओट्यावर कागद ठेवून टोकनचा चेक लिहील.