आबांचं हत्यार

आबांच्या घरात पिस्तूल कुठे ठेवलेलं असतं हे गुपित आहे. सांगलीच्या गावभागात ते सगळ्यांना माहीत आहे, दूधवाल्यालासुद्धा. जागा बदलली की आबाच एकेकाला बाजूला घेतात आणि आवाज खाली आणून सांगतात, "आता कपाटात ठेवत न्हाई आपण. दिवस वाईट आल्यात."

असा आबा आमच्याकडे तालुक्याला एक तरी निघतोच. 1949 मध्ये साताऱ्याचे काही तालुके आणि आसपासची संस्थानं एकत्र करून दक्षिण सातारा जिल्हा केला, 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. पण हद्द कुठूनही आखा, हा वाण दोन्हीकडे सारखाच उगवतो. कडक इस्त्रीचे पांढरेशुभ्र कपडे, चार-पाच एकर द्राक्षं किंवा ऊस, एखाद्या सोसायटीचं माजी संचालकपद, आणि उजव्या कमरेवर शर्टाखाली एक उंचवटा. शत्रू म्हणाल तर एकही नाही. भाऊबंदांशी बांधाचा वाद आहे, पण तो दिवाणी कोर्टात आहे आणि तारखेला दोन्ही पार्ट्या एकाच गाडीतून जातात, दोन गाड्यांचं डिझेल परवडत नाही म्हणून.

2019 पर्यंत आबांकडे तीन शस्त्रं होती. एक वडिलांची बारा बोअरची डबल बार, उसात रानडुकरं शिरतात म्हणून घेतलेली. दुसरं कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं .32 चं रिव्हॉल्व्हर. तिसरं त्याच बोअरचं पिस्तूल, रिव्हॉल्व्हर जरा जुन्या पद्धतीचं दिसतं म्हणून. सिनेमातल्यासारखं नऊ एमएम साध्या नागरिकाला मिळत नाही, ही आबांच्या मते आपल्या लोकशाहीतली मोठी उणीव. शिवाय आजोबांची एक कथा आहेच. पत्री सरकारच्या दिवसांत भूमिगतांची बंदूक म्हणे त्यांनी कडब्याच्या गंजीत लपवली होती. आमच्या भागात ही कथा ज्या ज्या घरात सांगतात त्या प्रत्येक गंजीत खरोखर एकेक बंदूक असती, तर इंग्रज 1943 सालीच गेला असता.

आबांच्या अडचणीचं मूळ साधं आहे. हत्यार कडीकुलपात असावं हे त्यांना मनापासून पटतं. ते लोकांना दिसावं हेही त्यांना तितकंच मनापासून वाटतं. आता ही दोन्ही कामं एका वेळी कशी करायची? आबांनी त्यावर हयात घालवली आहे.

पहिली जागा म्हणजे गोदरेजच्या कपाटातलं आतलं लॉकर. तिथे काकींच्या पाटल्या, एफडीच्या पावत्या आणि शेजारी रिव्हॉल्व्हर. कपाटाची किल्ली काकींच्या कमरेला. म्हणजे रात्री दरोडा पडलाच, तर आधी काकींना उठवायचं, "आत्ता कशाला पायजे?" या प्रश्नाला उत्तर द्यायचं, लग्नातला शालू बाजूला ठेवायचा, पावत्यांची पिशवी काढायची आणि मग लॉकरशी झटापट. एकदा आबांनी याची तालीम घेतली. काकींनी मध्येच पावत्यांच्या तारखा तपासायला घेतल्या आणि दरोडा पुढे ढकलावा लागला.

मग उशीखाली. हे सोयीचं होतं, पण उन्हाळ्याच्या सुट्टीत साताऱ्याची लेक दोन नातवंडं घेऊन आली आणि काकींनी एकच वाक्य सांगितलं, "ते तरी ह्या खोलीत झोपंल न्हाईतर मी तरी." आबांनी त्या रात्री बराच विचार केला, एवढं खरं.

त्यानंतर आकड्यांची तिजोरी आली. चार बटणं दाबली की दार उघडतं. उशीइतकी सोय आणि बँकेइतकी सुरक्षा, असं आबा येईल त्याला ती दाखवून सांगायचे. आता तिजोरीचे चार आकडे गुप्त असायला हवेत. आबांच्या गाडीचा नंबर, मोबाईलचे शेवटचे चार आकडे आणि तिजोरीचे आकडे एकच होते. नंबर आरटीओत जादा पैसे भरून घेतलेला, तो वाया का घालवायचा?

ही तिजोरी पाहून व्याही पहिल्यांदा बोलले. व्याही म्हणजे निवृत्त सुभेदार, साताऱ्याकडच्या अपशिंगे मिलिटरीच्या बाजूचे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले 46 जण कामी आले, तेव्हा तिकडच्या माणसाला बंदुकीचं अप्रूप असायचं कारण नाही. सुभेदारांकडेही एक बारा बोअरची आहे. निवृत्तीनंतर ती खांद्याला लावून त्यांनी बँकेच्या दारात नोकरी केली. घरी आले की नळी रिकामी आहे ना ते दोनदा बघायचं, काडतुसं मोजायची, बंदूक एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात, मग चहा. बंदुकीचा विषय त्या घरात एवढाच.

"पाव्हणं," सुभेदार म्हणाले, "पलटणीत कोत असती. हत्यार येगळं, गोळी येगळी. मोजून द्यायचं, मोजून घ्यायचं. आन् हत्याराची जागा लोकांना दावत फिरणारा जवान आमी क्वार्टर गार्डला बसवला असता." मग त्यांनी तिजोरी उचलून दाखवली. काखेत मारली आणि अंगणापर्यंत नेली. "चोर हिथं कशाला उघडंल? घरी न्हिऊन सावकाश उघडंल." चामड्याच्या म्यानात पिस्तूल कायमचं ठेवायचं नाही, चामडं दमट हवा धरतं आणि लोखंड गंजतं, तेलाची चिंधी फिरवून कोरड्या जागी ठेवायचं, हेही सांगितलं. खंडेनवमीला आबा तिन्ही हत्यारांना झेंडूचे हार आणि ओलं कुंकू लावून दिवसभर सोप्यात मांडतात, ते ऐकल्यावर सुभेदार काही बोलले नाहीत. फक्त टोपी काढून परत घातली.

आबांनी सगळं मान्य केलं. तिजोरी भिंतीला बोल्ट मारून पक्की केली. आकडे बदलले. काडतुसं वरच्या मजल्यावर वेगळ्या पेटीत. "आता चोर आला तर त्याला चा घिऊन बसवायचा आन् मी माडीवर जायाचं," अशी तक्रार मात्र राहिली.

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट 2019 मध्ये, कृष्णा आली. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट. त्या साली पाणी 57 फुटांच्या वर गेलं. गावभागात तळमजले बुडाले आणि भिंतीला पक्की केलेली तिजोरी जागची हलेना. बोल्ट काढायला वेळ नव्हता. कमरेभर पाण्यात उभं राहून आबांनी नवे आकडे आठवायचा प्रयत्न केला. जुनेच आठवत होते. शेवटी काकींनी माडीवरून ओरडून आकडे सांगितले, म्हणजे आळीला ते पुन्हा कळले. होडीत काकींच्या मांडीवर देव, आबांच्या मांडीवर गोणपाटात गुंडाळलेली डबल बार, कमरेला दोन्ही बाजूंना एकेक, आणि परवाना प्लास्टिकच्या पिशवीत छातीशी. होडीतल्या जवानाने विचारलं, "आजोबा, त्यात काय?" आयुष्यभर ज्या प्रश्नाची वाट पाहिली तो असा भलत्या वेळी आला. आबा म्हणाले, "छत्री."

छावणीत तीन हत्यारं घेऊन झोपायचं कसं? पोलीस सगळे पुरात अडकलेल्यांना काढत होते. म्हणून आबांनी सातारा गाठलं आणि हत्यारं व्याह्यांच्या पुढ्यात ठेवली. सुभेदारांनी हातही लावला नाही. "माझ्या परवान्यावर तुमचं हत्यार न्हाई. तुमी हाय तवर हत्यार हाय. तुमी गेला की तेबी गेलं पायजे." झालं. हत्यार सोडून घर साफ करायला जाता येईना, आणि हत्यार घेऊन चिखलात जाता येईना. लेकीच्या सासरी बाप दोन वेळा जेवला तरी अवघडतो. आबा तिथे तीन बंदुकांना राखण बसले, सकाळ-संध्याकाळ विहिणीच्या हातचं खात. नवव्या का दहाव्या दिवशी सुभेदार त्यांना गावातल्या परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे घेऊन गेले. पावती घ्यायची, ठरलेलं भाडं द्यायचं आणि हत्यार रीतसर त्याच्या ताब्यात ठेवायचं. कायद्यात ही सोय पहिल्यापासून आहे. सुभेदारांनी ती पहिल्याच दिवशी सांगितली होती. पण मग कमरेला काय राहणार?

पूर ओसरला तसा डिसेंबरात कायदा बदलला. 1983 पासून माणशी तीन शस्त्रांची मर्यादा होती, ती दोनवर आली. वारसाने आलेलं हत्यारही त्यातच धरायचं आणि जास्तीचं वर्षभरात जमा करायचं. आबांनी चटईवर तिन्ही मांडून घरच्यांची बैठक बोलावली. काकींनी तिन्ही देऊन टाकायचा ठराव मांडला, सुनेने अनुमोदन दिलं. वडिलांच्या आठवणीने आबांचा गळा भरून आला. आणि वडिलांची डबल बार गेली. ती कमरेला लावता येत नाही.

त्याच दुरुस्तीत लग्नावरातीत बार काढण्याबद्दल दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही, असंही आलं. पुतण्याच्या लग्नाला सुभेदारांनी बजावलं, "हत्यार घरी." आबांनी ते ऐकलं. पिस्तूल तिजोरीत ठेवलं, पण कमरेचा उंचवटा सपाट झाला तर पै-पाहुणे काय म्हणतील? म्हणून रिकाम्या म्यानात त्यांनी चष्म्याचं घर घातलं. मापात बसलं. मांडवात कुणाला काही कळलं नाही, रस्ता पूर्वीसारखाच मिळाला, आणि आहेराची यादी वाचायला चष्माही हाताशी. काकी सांगतात, त्या दिवसापासून हत्यार कधी बाहेर निघालं नाही. इतक्या वर्षांच्या तिजोऱ्या आणि बोल्टांपेक्षा हीच व्यवस्था बरी, हे माझंही मत आहे.

पण 2024 ची लोकसभा आली. निवडणुकीत पूर्वी सगळ्याच परवानाधारकांची शस्त्रं सरसकट जमा करून घ्यायचे. उच्च न्यायालयाने त्याला हरकत घेतल्यावर आता छाननी समिती बसते: जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची नोंद असलेले, आधी दंगलीत सापडलेले, अशांनाच बोलावणं. मतदान 7 मेला. आबांच्या सोसायटीतल्या विरोधकाला नोटीस आली. आबांना आली नाही. दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी रिकामं पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर कुलपाच्या बॅगेत घालून, काडतुसं मुलाजवळ देऊन, आबा ठाण्यात हजर.

"आबा, तुमचं नाव न्हाई यादीत. घरी ठेवा."

"म्हंजे आमच्यापास्नं काय धोका न्हाई, आसं म्हंता?"

"न्हाई," हवालदार म्हणाला. त्याला बिचाऱ्याला वाटलं, आपण चांगलं बोललो.

"आमाला जमा करायचंच हाय."

"मग तसा अर्ज लिहून द्या." त्याने कोरा कागद पुढे सरकवला.

आबांनी पेन घेतलं. अक्षरं काही दिसेनात. सवयीने उजवा हात शर्टाखाली कमरेच्या म्यानाकडे गेला आणि टप्पकन बटण निघाल्याचा आवाज झाला. हवालदार खुर्चीसकट मागे सरला, दुसरा टेबलाखाली गेला, आणि तिसऱ्याने मागून येऊन आबांना मिठी मारली. त्या मिठीतच आबांनी चष्मा काढला, नाकावर चढवला, आणि कागदावर 'विषय' असं लिहून वर पाहिलं.

"आता तरी घ्याल न्हवं यादीत?"