डायनिंग टेबलावर हाऊबाग

“काय गं, कालपासून कसला उग्र वास येतोय तुमच्याकडून? रंगकाम काढलंय की काय?”

“कसलं रंगकाम, काकू! आमच्या ह्यांनी स्टेशन काढलंय, डायनिंग टेबलावर. आम्ही ओट्याजवळ पाट मांडून जेवतोय.”

“अगं बाई! स्टेशन?”

“हो ना. रिटायर झाले, म्हटलं आता भाजी आणतील, दळण टाकतील. तर मुलाने फालर नावाच्या जर्मन कंपनीचं खोकं आणून दिलं. आत प्लास्टिकच्या चौकटी आणि त्यांना चिकटलेल्या भिंती, दारं, खिडक्या. एचओ मापाचं सगळं, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान. सहा फुटी माणूस दोन सेंटीमीटरचा!”

“मग चिकटवलं की झालं.”

“तसं कुठलं! एकेक भाग कटरने कापायचा, पिरगाळून तोडायचा नाही, कड पांढरी पडते. मग कानशीने घासायचा. कानस म्हणजे माझी नखांची फाईल! बारीकसारीक भागांना रंग जोडण्याआधीच द्यायचा, म्हणजे खिडकीच्या चौकटीचा हिरवा भिंतीला लागत नाही. खिडकीची काच साध्या पांढऱ्या फेविकॉलने लावायची. सुपरग्लू लावला की त्याच्या वाफेने काच धुरकटते. आत दिवा लावायचा तर भिंती आतून काळ्या रंगवायच्या, नाहीतर उजेड भिंतीतूनच झिरपतो. मला आता झोपेतही म्हणता येईल हे सगळं.”

“आणि दिसतंय कसं?”

“झकास, पण जर्मन! बर्फ घसरून पडावं असं उतरतं छप्पर, खिडकीखाली फुलांच्या कुंड्या. हे बघत बसले आणि म्हणाले, याच्या फलाटावर समोसेवाला शोभणार नाही.”

“पुण्याला गेला होतात, तेव्हाच हा किडा डोक्यात शिरला असणार.”

“अगदी! कोथरूडला भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ पासून. एकाच मांडणीत सर्कस, पोहण्याचा तलाव, सिग्नल पाळत धावणाऱ्या गाड्या. तिथून परतताना अख्खा प्रवासभर हे मापं घोकत होते. आता जर्मन स्टेशन कपाटावर ठेवलंय आणि हाऊबाग बांधायला घेतलंय.”

“आपलं जबलपूरचं हाऊबाग स्टेशन? छोट्या लाईनचं? अगं, माझं माहेर गोंदियाचं! लग्न होऊन त्याच गाडीने आले मी. नैनपूर, घनसौर, शिकारा, बरगी, मग नर्मदा ओलांडून ग्वारीघाट. बंगाल नागपूर रेल्वेच्या काळातली लाईन ती. २०१५ साली बंद केली. आता गोंदियाला मोठी गाडी जाते, पण ती काही हाऊबागला येत नाही.”

“म्हणूनच ह्यांनी मनावर घेतलंय. हाऊबागचं तयार खोकं कुठे मिळणार? रूळ मात्र आयते मिळाले. छोट्या लाईनची रुंदी अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. त्याला सत्त्याऐंशीने भागलं की येतात पावणेनऊ. एन नावाच्या लहान मापाचा रूळ नऊ मिलिमीटरचा, तो चपखल बसतो. आपल्या मोठ्या लाईनचं तसं नाही. तिचा हिशेब एकोणीसच्या वर जातो आणि एचओचा रूळ असतो साडेसोळाचा.”

“अगं, तू तर गार्डच झालीस! भिंती कशाच्या करताहेत?”

“सनबोर्डाच्या. नऊ इंची वीट अडीच मिलिमीटरची, तिच्या ओळी बोथट टोकाने दाबून काढतात. वरून पातळ काळपट रंग सोडायचा, तो सांध्यांत उतरतो. वरचा पुसून घ्यायचा. पत्रे पन्हळी कागदाचे, गंज गेरूच्या पुडीचा. चहाचा चोथा वाळवून त्याची माती केलीय, आणि घोसाळ्याच्या जाळीची झाडं.”

“म्हणजे दिवाळीचा किल्लाच की हा!”

“किल्ल्यावर मावळ्यापेक्षा कोंबडी मोठी असली तरी चालते, काकू. इथे दारापेक्षा माणूस उंच झाला की अख्खं स्टेशन मोडायला निघतात हे.”

“ते ठीक, पण गंज कुठेही फासू नका म्हणावं. पत्र्यावर आधी खिळ्याभोवती गंज धरतो, मग त्याचा ओघळ उतरतो खाली. ओल जमिनीपासून वर चढते. आणि पिचकाऱ्या कोपऱ्यात! भिंतीच्या मधोमध कुणी थुंकत नाही, आपल्या लोकांनाही तेवढी रीत आहे.”

“अय्या, हे खरंच! ह्यांनी पिचकाऱ्या सारख्या अंतरावर मारल्यात, रांगोळीचे ठिपके काढावेत तशा.”

“आणि भिंत जमिनीत बसली पाहिजे. पायाशी फट दिसली की खेळणं वाटतं.”

“तुम्हीच या बाई तपासायला. तुमचं ऐकतील. मी काही म्हटलं तर म्हणतात, तुला काय कळतंय.”

“एवढा जीव कशाला ओततात पण? कोण बघणार आहे?”

“मीही तेच विचारलं. तर म्हणाले, जर्मन स्टेशन चुकलं तरी इथे कुणाला पत्ता लागणार नाही; हाऊबाग चुकलं तर अर्धं जबलपूर बोट दाखवेल.”

“बरोबरच आहे! मी तर पहिली दाखवेन.”

“मग एक काम करा ना, काकू. तुमच्या अल्बममध्ये हाऊबागचा फोटो असेलच. त्यात काका दाराशी उभे असले तर सोन्याहून पिवळं. काकांची उंची ठाऊक आहे, त्यावरून दाराची निघेल आणि दारावरून सगळ्या इमारतीची. मोबाईलवर उतरवून घेऊन लगेच परत करते. आणि नेपियर टाऊनात, गोलबाजारात आणखी कुणाकडे जुने फोटो असले तर त्यांनाही सांगा. पाठमोरे चालतील, धुरकट चालतील, फक्त स्टेशन दिसलं पाहिजे.”