डबा आला, सोयी वाटेत आहेत

केबल डिजिटल करायच्या दुसऱ्या टप्प्यात देशातली ३८ शहरं होती, त्यांत आपलं सोलापूरही होतं. मुदत ३१ मार्च २०१३. सेट-टॉप बॉक्स घ्या, नाहीतर टीव्ही बंद! सोलापूरकरांनी मुकाट्यानं डबा घेतला. त्याच्यासोबत चित्र स्वच्छ, हवा तेव्हा हवा तो सिनेमा, केबलच्याच तारेतून इंटरनेट अशी आश्वासनंही आली होती. चित्र स्वच्छ झालं, हे मान्य. बाकीचं ‘पुढच्या अपडेटमध्ये’.

आमच्या रिमोटवर लाल, हिरवं, पिवळं, निळं अशी चार बटणं आहेत. लाल दाबलं की ‘ही सेवा लवकरच’ असं झळकतं. उरलेली तीन दाबून काहीच होत नाही, म्हणजे ती निदान खोटं तरी बोलत नाहीत. केबलवाल्या पोराला विचारलं तर म्हणाला, ‘काका, वरूनच आलं नाही.’ हे ‘वर’ कुठंय, ते त्यालाही ठाऊक नाही.

मुदतीची शिस्त फक्त गिऱ्हाइकाला. चौथा टप्पा डिसेंबर २०१४ मध्ये संपायचा होता, तो लांबत मार्च २०१७ वर गेला. कंपनी बदलली तरी डबा तोच चालावा, अशी शिफारस दूरसंचार नियामक ‘ट्राय’नं एप्रिल २०२० मध्ये केली. तोवर लोक मोबाइलवर सिनेमे बघायला लागले होते.

आता कुणी नवा ‘स्मार्ट’ डबा घेऊन दारात आलं, तर पैसे काढण्याआधी त्यालाच सगळी बटणं दाबून दाखवायला सांगा.