आधी पाणी की आधी बसणं?

बालवाडीच्या ताईंना नाव आहे, पण ते फक्त वीजबिलावर छापून येतं. डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत सेक्रेटरीपासून दूधवाल्यापर्यंत सगळे त्यांना ताईच म्हणतात. त्यांच्याहून वयाने मोठे असलेले अप्पासुद्धा. ताई निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी त्यांची बालवाडी काही सुटलेली नाही. विद्यार्थी तेवढे मोठे झालेत. काहींना मधुमेह आहे.

मुलाशी उभ्याने बोलायचं नाही, हा ताईंचा पहिला नियम. पूर्वी त्या मुलासमोर उकिडव्या बसत. गुडघे कुरकुरायला लागल्यापासून त्या मुलालाच जिन्याच्या दोन पायऱ्या वर चढवतात आणि आपण खाली उभ्या राहतात. डोळ्याला डोळा भिडला की मग बोलणं सुरू. दुसरा नियम म्हणजे 'नको' शक्यतो वापरायचा नाही. 'पळू नको' म्हटलं की मुलाच्या कानात त्यातलं 'पळू' तेवढं शिरतं, असं त्यांचं ठाम मत आहे. म्हणून 'जिन्यात चालायचं, खाली मैदानात पळायचं.' हे वाक्य आमच्या लिफ्टशेजारी त्यांच्या वळणदार अक्षरात लावलेलं आहे आणि लिफ्ट बंद पडली की म्हातारे सभासदही ते मुकाट्याने पाळतात.

ताईंच्या हॉलमध्ये देवांच्या जागी तीन फोटो आहेत. त्यातला मिशांचा गृहस्थ कोण, असं नवा माणूस हमखास विचारतो. ते गिजुभाई बधेका. वकिली सोडून मुलांत रमले, 1920 साली भावनगरला त्यांनी बालमंदिर काढलं आणि गुजराती लोक त्यांना कौतुकाने 'मूछाळी मा', म्हणजे मिशीवाली आई म्हणू लागले. शेजारी त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक आणि ताराबाईंच्या सहकारी अनुताई वाघ. तरुणपणी ताई प्रशिक्षणासाठी डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर गेल्या होत्या. तिथली कुरणशाळा त्यांच्या डोक्यात कायमची बसली. आदिवासी मुलं गुरं राखायला जात, शाळेत येऊ शकत नसत. तेव्हा ताराबाई-अनुताईंनी त्यांना आळशी ठरवलं नाही, शाळाच कुरणावर नेली. 'मूल येत नसेल तर आपण जायचं,' हे तत्त्व ताईंनी पुढे मेंटेनन्स थकवणाऱ्यांना लावलं. खजिनदारांना घेऊन त्या थेट घरी जातात, चहा घेतात आणि चेक मिळेपर्यंत प्रेमाने बसून राहतात.

ताईंकडून कौतुक करून घेणं हे मात्र अवघड काम. एखादं पोर चित्र घेऊन आलं की आपण मोबाइलवरून नजर न काढता 'वा, सुंदर!' म्हणून मोकळे होतो. ताई चष्मा लावतात. चित्र उजेडात धरतात. इतका वेळ बघतात की चित्रकार अस्वस्थ होतो.

"हत्तीला पाच पाय काढलेस."

"चार पाय. एक सोंड."

"हो की! आणि शेपूट?"

"ती मागे आहे. इकडून नाही दिसत."

"खरंच. आणि आभाळ अगदी कोपऱ्यापर्यंत रंगवलंयस. हात दुखला असेल."

पोर दोन इंच उंच होऊन घरी जातं. त्याचे बाबा एकदा म्हणाले, "ताई, हुशार आहे हो, असं म्हणा ना एकदा." त्यावर ताईंनी त्यांना सोफ्यावर बसवून 1998 सालचा एक प्रयोग ऐकवला. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या दोघींनी अमेरिकेत पाचवीच्या मुलांना कोडी घातली. काहींना सांगितलं, तू हुशार आहेस. काहींना सांगितलं, तू मेहनत केलीस. पुढचं काम निवडायची वेळ आली तेव्हा हुशार ठरलेली बरीच मुलं सोप्याकडे वळली, कारण मिळालेली हुशारी कोण धोक्यात घालणार? मेहनतीचं कौतुक झालेल्यांपैकी बहुतेकांनी अवघड काम मागून घेतलं. बाबांनी लक्ष देऊन ऐकलं. "तुम्ही मध्ये एकदाही फोन बघितला नाहीत," ताई म्हणाल्या. बाबा लाजले.

या पद्धतीची सर्वांत जास्त झळ बसते ती ताईंच्या यजमानांना. ते बँकेतून निवृत्त झालेले, सोशिक गृहस्थ. चहा करून विचारतात, "कसा झालाय?" ताई घोट घेतात. "आलं ठेचून घातलंत आज, किसून नाही." झालं कौतुक! "अगं, एकदा नुसतं 'छान' म्हण," अशी त्यांची जुनी मागणी आहे. "तुम्हाला छान ऐकायचंय," ताई समजुतीने म्हणतात आणि पेपर उघडतात.

ताईंचं खरं कसब दिसतं ते वार्षिक सर्वसाधारण सभेत. मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करायला शिक्षणहक्क कायद्याने 2009 सालीच बंदी घातली, पण तो कायदा सहा ते चौदा वयोगटाचा. आमचे सभासद साठीपुढचे, त्यामुळे सभेत कुणालाच संरक्षण नसतं. यंदा अप्पा पार्किंगवरून पेटले होते. अर्ध्या तासाची शिदोरी घेऊन आले होते. पहिल्याच आरोळीनंतर ताई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"अप्पा, तुम्हाला खूप राग आलाय. जागा तुमची होती आणि गाडी त्यांनी लावली."

"हो!" अप्पा ओरडले. मग जरा थांबून, "हो," म्हणाले. पुढचं सगळं भाषण हेच सिद्ध करण्यासाठी होतं, ते वायाच गेलं.

"आता सांगा, आधी पाणी पिणार की आधी बसणार?"

अप्पांनी क्षणभर खरोखर विचार केला. "पाणी," म्हणाले. प्यायले आणि बसलेही. दोन्ही पर्याय ताईंचेच होते, हे त्यांच्या लक्षात आलं तोवर सभा जिन्याच्या रंगावर पोहोचली होती.

अप्पांचा या लाडिकपणाला तत्त्वतः विरोध आहे. "आमच्या मास्तरांनी पाठ सोलून काढली. काय बिघडलं आमचं?" हा प्रश्न ते नेहमी टेबलावर मूठ आपटून विचारतात. त्यावर सगळे एकमेकांकडे बघतात आणि ताई त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवतात.

ताईंची नक्कल करणारेही पुष्कळ झाले. दुसऱ्या मजल्यावरच्या आईने रील्स बघून सगळी वाक्यं पाठ केली. स्कूलबस सात दहाला येते. सात वाजून आठ मिनिटांनी जिन्यातून आवाज यायचा, "बाळा, आपण बूट घालणार आहोत ना? की आधी डबा घेणार आहोत? राजा, आई तुझ्या भावनांचा आदर करते, पण बूट घाल!" शेवटचे दोन शब्द तळमजल्यावरच्या वॉचमनलाही ऐकू जात. बाळ एक बूट हातात धरून शांत बसलेलं असे. त्याची आजी मात्र "मेल्या, पाय कर इकडे," म्हणायची आणि तो हसत पाय पुढे करायचा.

शेवटी ती आई वैतागून ताईंकडे आली. "तुमचीच वाक्यं वापरते, तरी का चालत नाहीत?" मानसशास्त्रातलं काहीतरी खोल ऐकायला मिळेल म्हणून ती वही घेऊन आली होती. ताईंनी विचारलं, "गजर कितीचा लावतेस?"

"साडेसहाचा."

"सव्वासहाचा लाव."

तिने वही मिटली. एवढंच? एवढंच. "अगं, वाक्यं माझी घेतलीस, पण घाई तुझीच राहिली," ताई म्हणाल्या. "मूल वाक्य ऐकतच नाही, घाई ऐकते. सासूबाईंकडे वेळ आहे, म्हणून त्यांचं 'मेल्या'सुद्धा चालतं. तरी ते तेवढं सोडायला सांग त्यांना. शाळेत जाऊन बाईंना म्हणेल." तो तसं म्हणूनही आला होता, हे नंतर कळलं.

ताईंना निरुत्तर करणारा या जगात एकच प्राणी आहे, त्यांचा पाच वर्षांचा नातू. दिवाळीत त्याने करंजीच्या सारणात रंगपेटी ओतली. ताईंचा आवाज, आमच्या माहितीप्रमाणे पहिल्यांदाच, चढला. नातू स्टुलावर चढला, आजीच्या डोळ्यांत बघून म्हणाला, "आजी, तुला खूप राग आलाय. आधी पाणी पिणार की आधी बसणार?" ताई आधी बसल्या. यजमानांनी पाणी आणून दिलं आणि आयुष्यात मिळालेली संधी न दवडता म्हणाले, "छान बसलीस."

लहान मुलांशी नीट बोलायला शिकवणारी पुस्तकं बाजारात ढिगाने आहेत. वाचायला हरकत नाही. पण दुसऱ्या मजल्यावरून हल्ली सकाळी आरोळ्या येत नाहीत आणि तिथे नवीन पुस्तक एकही आलेलं नाही. तेव्हा घरात बूट न घालणारं मूल असेल, तर आज रात्री गजर पंधरा मिनिटं अलीकडे घ्या. आणि सकाळी बूट घातलेच, तर 'शहाणं बाळ' म्हणण्याआधी ते उलटसुलट तर नाहीत ना, हे जरा खाली बसून बघा.