खडा कुणाच्या हद्दीत?

परदेशी निघालेला माणूस आधी विमा बघतो. निपाणीकराला ती संधीच मिळाली नाही. १९५६ साली तो घरातल्या घरात मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. २०२३ मध्ये महाराष्ट्राने सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना देऊ केली, आणि धाप लागली ती कर्नाटक सरकारला! म्हणजे आता पित्ताशयातला खडा काढण्याआधी त्याची हद्द मोजायची. कर्नाटकाचंही आरोग्य कार्ड आहे म्हणा. पण दारिद्र्यरेषेच्या वर असाल तर पॅकेजचे ३० टक्केच. उरलेले ७० कुणी भरायचे, यावर मात्र दोन्ही सरकारांत वाद नाही. सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन मंगळवारी.