पश्चात असा परिवार
आमच्या घरी चहाबरोबर आधी निधनवार्ता वाचतात, मग राशिभविष्य. माणूस गेला की 'मनमिळाऊ' होतो. पार्किंगवरून कॉलर धरणारासुद्धा. आजार 'अल्पसा', मग त्यानं चार वर्षं अंथरुणाला खिळवलेलं का असेना. बाईच्या बातमीत तिचं नाव एकदा, उरलेल्या ओळींत मुलगा, जावई आणि त्यांची पदं. निवृत्त उपअभियंत्यांच्या मातोश्री, एवढंच कर्तृत्व. पन्नास वर्षं पहाटे उठून पाणी भरलं, ते कुठल्या रकान्यात बसवणार? 'न्यूयॉर्क टाइम्स'नं तरी वगळलेल्या बायकांचे मृत्युलेख २०१८ मध्ये छापायला घेतले. १९६९ मध्ये गेलेल्या मधुबालाचा नंबर तेव्हा लागला, म्हणजे चक्क मधुबालाचा! आजच्या पानावरच्या काकूंचा फोटो कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापलाय. खांद्यावर काकांची चार बोटं तशीच राहिली आहेत.