अर्धा किलो वाइन आणि तुमचा गोडा मसाला

पिरेअस, ग्रीस
रविवार

ती. आई आणि ती. बाबा यांना,


तुमचे चिरंजीव हल्ली जेवायच्या आधी पेला नाकाशी धरून, डोळे मिटून "टोमॅटो... ऑलिव्ह... किंचित स्ट्रॉबेरी" असं पुटपुटतात. धाकटीने परवा विचारलं, "बाबा कुठला श्लोक म्हणतायत?"

झालंय असं, की ऑफिसातल्या साहेबांनी यांना नाउसाची लाल वाइन भेट दिली. बाबा, लगेच चष्मा काढू नका. इथे वाइन दारूच्या नव्हे, जेवणाच्या खात्यात मोडते. खानावळीत सुटी वाइन किलोवर मिळते! पहिल्यांदा हे "अर्धा किलो" म्हणाले तेव्हा मला वाटलं मटण मागवलं. आला तो जग. सोबत निदान ऑलिव्ह आणि चीज तरी हवंच, नुसतं पीत बसणं इथे बरं दिसत नाही. आणि बाबा, तुमचं रात्रीचं द्राक्षासवही द्राक्षं आंबवूनच करतात, लेबल वाचून बघा. तेव्हा प्रश्न तत्त्वाचा नाही, फक्त मापाचा आहे.

ही वाइन क्सिनोमाव्रो नावाच्या द्राक्षाची. उत्तर ग्रीसमध्ये वेर्मियो डोंगराच्या उतारावर ते पिकतं. नाउसा हे नाव 1971 पासून कायद्याने राखलेलं आहे, आणि ते लावायचं तर वाइन निदान वर्षभर ओकच्या पिंपात मुरावी लागते. रंगाने अगदी कोकम सरबत, म्हणून मी बेसावधपणे मोठा घोट घेतला. आई, काय आंबट आणि काय तुरट! दातांवरून जीभ फिरेना. हे म्हणाले, "हिला तेलातुपाचं काहीतरी लागतं." मग स्वयंपाकघर प्रयोगशाळा झालं, आणि भांडी घासायला अर्थातच मी.

आधी मटण, करावे गावातून आणलेल्या आगरी मसाल्यातलं. वाइनमधल्या अल्कोहोलने तिखट आणखी भडकलं, त्यावर तुरटपणाने घसा कोरडा. तज्ज्ञ थेट नळाखाली. मग सुके बोंबील. मी नको नको म्हणत होते. लाल वाइनमधलं लोह आणि माशाची चरबी यांचं जमत नाही म्हणे. आमच्या तोंडाला नुसती गंजाची चव आली. वर तो वास जिन्याने खाली उतरला आणि खालच्या मजल्यावरच्या आजी वर आल्या. मला वाटलं, आता पोलीस. पण त्यांनी बोंबील उचलून चाखला, आमच्या पेल्याकडे बघून कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, माशाबरोबर सँटोरिनीची पांढरी असिर्तिको प्यायची, एवढंही कळत नाही का?

शेवटी भरली वांगी केली. तुमचा गोडा मसाला, दाण्याचं कूट, चिंच, वर तेलाचा तवंग. गूळ मात्र चिमूटभरच, कारण गोड पडलं की ही वाइन जास्तच आंबट लागते. आणि काय सांगू, जमलं! तेलाने तुरटपणा निवला, चिंचेपुढे तिचा आंबटपणा शहाण्यासारखा वागला. इथली माणसं वांगी-खिम्याच्या मुसाकाबरोबर ती पितातच. आपण खिमा वगळला एवढंच. आजींनी तीन वांगी खाऊन "मांस कधी वाढणार?" असं विचारलं, तो भाग सोडा.

तेव्हापासून हे इतिहासात शिरलेत. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात आपलं कल्याण बंदर आहे आणि भडोचला वाइन उतरायची तेही आहे. ठाण्याच्या खाडीतून, म्हणजे आपल्या नेरूळच्या गॅलरीसमोरून, एखादं वाइनचं गलबत नक्की गेलं असणार, असं हे छातीठोक सांगतात. त्याच पुस्तकात, भडोचकरांची पहिली पसंती इटलीच्या वाइनला होती असंही लिहिलंय. हे आजींच्या कानावर घालायचं नाही, अशी मी यांना ताकीद दिली आहे; आम्हाला अजून याच इमारतीत राहायचंय.

ओळखीचं कुणी इकडे येणार असेल तर गोडा मसाला पाठवा. अर्धा किलो. वजनकाट्यावरचा.

तुमची,
सूनबाई

ता. क. बाबा, द्राक्षासवाबरोबर काय खायचं, हे विचारायला यांचा फोन येईल. उचलू नका.